ठाण्याहून मोत माउलीला, रिकाम्या खिशाने

मोत माउलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीला, चालत जायचं तर पाकीट घरी ठेवायचं, हा आमच्या गटाचा नियम. थोरल्या काकांनी तो बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातून उचललाय. येशूने बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं तेव्हा वाटेसाठी काठी घ्या म्हणाला, पण भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसे नकोत. चपलांना त्याची परवानगी होती, तरी आमच्यातल्या बऱ्याच बायका अनवाणीच चालतात. परतीच्या लोकलचे आणि मेणबत्त्यांचे पैसे तेवढे काकांच्या पिशवीत असतात. ही सवलत मार्कमध्ये नाही.

८ सप्टेंबर हा माउलीचा, म्हणजे येशूची आई मरिया हिचा, जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. आम्ही शनिवारी रात्री मासुंदा तलावासमोरच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपाशी जमलो, रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू केली आणि तीन हात नाक्याकडे निघालो.

चेकनाका येईपर्यंत काका दरवर्षी तीच गोष्ट सांगतात आणि मी दरवर्षी ऐकतो. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती संन्यासी ठाण्याला आले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. संन्याशाने स्वतःचं म्हणून काहीच ठेवू नये, या हट्टापायी थॉमसने इटलीत स्वतःच्याच संघाचा तुरुंगवास भोगला होता. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन या पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची १५ घरं होती, असं ओडोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय. त्यातल्याच एका घरी हे चौघे उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, बायको काझीकडे गेली, साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं निघाली, काझीपुढे धर्मावरून वाद पेटला आणि पुढे चौघेही मारले गेले. नंतर ओडोरिक त्यांच्या अस्थी जहाजातून पार चीनपर्यंत घेऊन गेला.

मला यात हौतात्म्यापेक्षा ते परक्याच्या घरी उतरणं जास्त खुपतं. ज्याच्याकडे काही नाही त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावंच लागतं. चर्चच्या पेटीत जुने कपडे टाकणं मला जमतं. देणाऱ्याचा हात वर असतो, त्यात सुखच असतं. पण भांडुपला चहा मागायची वेळ आली तेव्हा माझी जीभ उचलेना. गणपतीचे दिवस होते, मंडळाची मुलं जागी होती. आमच्यातल्या एका ताईने सरळ विचारलं, "भावांनो, चहा मिळेल का? पैसे नाहीत आमच्याकडे." त्यांनी चहा दिला, वर वडेही दिले. मी कप हातात धरून खिसा चाचपत राहिलो.

ही ताई किसननगरला भाड्याच्या खोलीत राहते. ११ महिन्यांचा करार संपला की भांडीकुंडी उचलायची. घाटकोपर ते कुर्ला आम्ही बरोबर चाललो. काकांनी तुकोबांचा विषय काढला होता, कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याचा. ती म्हणाली, "बघा ना, त्यांनी भांडी नाही बुडवली. लोकांकडून येणं होतं तेच बुडवलं." मला हे कधी सुचलं नव्हतं.

बीकेसीच्या काचेच्या इमारतींमधून वांद्र्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. टेकडीवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला मांडलेली असतात. ज्याचं जे मागणं, ते माउलीपुढे ठेवायचं. ताईने काकांकडून पैसे घेऊन मेणाचं घर घेतलं. गटातल्या एकाने टोमणा मारला, "सोडायला आलो आपण, ही मागतेय." मला तो टोमणा आवडला नाही. येशूने सगळं विकून टाक म्हणून सांगितलं ते एका मालमत्तावाल्या माणसाला, आणि तेही त्याच्यावर प्रीती करून, असं मार्क लिहितो. डोक्यावर छप्पर मागणाऱ्या बाईला त्याने असं काही सांगितल्याचं मी वाचलेलं नाही.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली. परतीच्या लोकलमध्ये तिने विचारलं, "दादा, घोडबंदरला वन बीएचकेला काय भाडं चाललंय?"

घोडबंदरला आमचा एक फ्लॅट आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेला, घेतल्यापासून बंद. भाडेकरू भिंती खराब करतात, असं आमचं ठरलेलं मत. तिला हे ठाऊक नव्हतं, तिने सहज विचारलं होतं. मी म्हणालो, चौकशी करून सांगतो.

घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसलो आणि बायकोला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दे तिला. पण करार करून दे, आणि भिंतींचं बोलून घे." भाडं किती सांगायचं यावर आमची अजून जुंपलेली आहे. मी सांगतोय तो आकडा तिला फार कमी वाटतो, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतो.