तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेचा तबला घरी का देते

"बाई, शाळेचे तबले मुलांना घरी देता कशाला? आणि देताच, तर एवढी वही, सह्या, तपासणी कशाला?" दर पालकसभेत हे दोन प्रश्न येतात, कधी एकाच तोंडून.

देते, कारण आठवड्याच्या दोन तासिकांत हात बसत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसायचं तर रोजचा रियाज हवा, आणि स्वतःची तबला-डग्ग्याची जोडी घेणं सगळ्यांच्या घरी परवडत नाही. कपाटात कोंडलेल्या तबल्याला ठाण्याच्या पावसात बुरशीच धरते.

वहीचं मात्र खरं सांगते.

काही वर्षांपूर्वी जुलैत सातवीतल्या एका मुलाला जोडी दिली. कळव्याला राहायचा, शेअर रिक्षातून घेऊन गेला. मग बारा दिवस, "उद्या आणतो, बाई." तेराव्या दिवशी आणली. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडलेली; शाईला, म्हणजे त्यावरच्या काळ्या गोलाला, मधोमध तडा. नुसतं बोट लावलं तर काळी कपची सुटून हातात आली. लोहकीस आणि खळीची ती शाई, पाणी मुरलं की धरत नाही. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. चुंबळीवर ठेव, सूर लावताना हातोडी जपून मार, एवढंच सांगितलं होतं.

मी वर्गासमोर ओरडले. "शाळेची वस्तू म्हणजे फुकटची का?" वडिलांना बोलावलं. नव्या पुडीचे पैसे त्यांनी एक शब्द न बोलता टेबलावर ठेवले. मुलगा खाली बघत उभा होता. त्यानंतर तो तबल्याच्या तासाला आला नाही.

तेव्हा मी म्हणायचे, भरपाईशिवाय जबाबदारी कळत नाही. ते मला आजही सगळं खोटं वाटत नाही. त्या महिन्यात दुसरी एक मुलगी तबल्याविना बसून राहिली, तिचं काय? पण बारा दिवस तो घाबरत होता तो मला. पहिल्याच दिवशी आणला असता, तर सावलीत वाळवून तरी बघितला असता.

म्हणून वही. नेताना मूल स्वतः बघून लिहितं: गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) आठ, वादी (पुडी ताणणारी चामडी पट्टी) ठीक, चाटीला (पुडीच्या कडेला) चीर नाही. खाली त्याची सही, "बिघडलं तर त्याच दिवशी सांगेन." त्याखाली माझी, "ओरडणार नाही."

गेल्या महिन्यात सकाळी सातला एका मुलीचा फोन आला, "बाई, एक गट्टा सापडत नाहीये." रागाचा शब्द ओठांवर आला होता, गिळला.

भरपाईची ओळ वहीत अजून कोरीच आहे.