तेल नेमके कुठून गळत होते?
१९९० सालच्या माझ्या दोन आसनी जपानी स्पोर्ट्स कारखाली तेलाचा डाग दिसला, तेव्हा क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, तेल अडवणारे मागचे सील गेले असून आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार, या शंकेने मी धास्तावलो. तेल मात्र वरून ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते, म्हणून केवळ डागावरून निदान करू नये. इंजिन स्वच्छ धुऊन, तेलात चकाकणारा रंग मिसळून गाडी चालवली. अतिनील दिव्याखाली दिसलेली रेघ सिलिंडर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागे, कॅमशाफ्टची स्थिती टिपणाऱ्या कॅम अँगल सेन्सरपाशी सुरू होत होती. तिथली रबरी ओ-रिंग (तेल अडवणारे गोल कडे) उष्णतेने कडक झाली होती. सेन्सर फिरला की इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलते, त्यामुळे काढण्यापूर्वी त्याच्या जागेची खूण करणे अत्यावश्यक आहे. नवी रिंग तेलाचे बोट लावून बसवली. आठवडाभर खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा राहिला.