अंडरटेकर होण्याआधीचा मार्क

नव्वदीत लालबाग-परळच्या चाळींत ट्रम्प कार्डांचे डाव रंगायचे, तेव्हा अमेरिकन टीव्ही-कुस्तीतला अंडरटेकर सात वेळा मरून उठलाय यावर पोरांचा ठाम विश्वास. मेला एकदाही नाही. नावं मात्र धडाधड बदलली.

खरं नाव मार्क कॅलवे. डलासच्या वर्ल्ड क्लास या कुस्ती कंपनीत तो ‘टेक्सास रेड’ होता. 1989 मध्ये मेम्फिसला ‘मास्टर ऑफ पेन’. एप्रिलमध्ये गावचा हिरो जेरी लॉलर याच्याकडून किताब घेतला आणि त्याच महिन्यात त्यालाच परत दिला. यात नामुष्की काही नाही, निकाल आधीच ठरलेले, धंदाच तसा. मेम्फिसमध्ये शनिवारी सकाळी टीव्हीवर भांडण लावायचं, सोमवारी हॉलमध्ये तिकिटं खपवायची. प्रेक्षक दर आठवड्याला तेच. बाहेरून आणलेला राक्षस गावच्या हिरोकडून हरला, की त्याच्यावर पुन्हा गल्ला जमत नाही. मग बॅग भरून पुढचा प्रांत. 1990 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या मोठ्या कंपनीत ‘मीन मार्क’ झाला (नाव अगदीच टुकार), आणि 22 नोव्हेंबर 1990 ला हार्टफर्डमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रिंगणात, अंडरटेकर.

अंडरटेकरचा रिंगच्या दोरीवर चालायचा डाव मूळचा डॉन जार्डीनचा, ‘स्पॉयलर’ नावाने लढणाऱ्या जुन्या पैलवानाचा. समोरच्याचं मनगट पिरगळून धरायचं, कोपऱ्यात चढायचं, वरच्या दोरीवर तीन-चार पावलं टाकायची आणि उडी मारत त्याच्या खांद्यावर हात हाणायचा. बघणाऱ्याला वाटतं खालचा अडकलाय. खरं तर वरच्याचा तोल तोच सांभाळतो. हात ताठ ठेवून त्याने पावलाला पाऊल जुळवत चालायचं. तो मागे रेंगाळला किंवा हात ढिला पडला, तर वरचा थेट दोरीवर आपटतो, तोही दोन पाय दोन बाजूंना टाकून.