आमची वाटचाल : मिनी डीव्ही टेपपासून मिस्साच्या लाइव्हपर्यंत

वसईत आमच्या धंद्याची सुरुवात लग्नांच्या शूटिंगने झाली. उंबराचं पाणी, चर्चमधला विधी, मंडपातला बँड, सगळं मिनी डीव्ही टेपवर. एका तासाची टेप संगणकात उतरवायला पूर्ण तास लागायचा आणि फाइल व्हायची साधारण १३ जीबीची. मग एडिटिंग, मग डीव्हीडी. या धंद्याला दोन खड्डे ठरलेले: नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ. या दिवसांत ख्रिस्ती लग्नं जवळपास बंद असतात आणि यंत्रं कपाटात पडून राहतात. ते खड्डे भरायला आम्ही चर्चचे सण, गुरुदीक्षा (नव्या फादरांचा दीक्षाविधी), रौप्यमहोत्सव घ्यायला लागलो. ते जोडकाम होतं. तेच मुख्य काम बनलं २०२० मध्ये.

२५ मार्चला टाळेबंदी लागली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता, १२ एप्रिलला ईस्टर. ट्रायपॉडला मोबाइल लावून मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) लाइव्ह सुरू झालं. चित्र चालण्यासारखं होतं, पण शब्द कळत नव्हते. कारण साधं आहे. वेदीपासून आठ-दहा मीटरवर ठेवलेल्या फोनच्या माइकला फादरांचा थेट आवाज कमी आणि भिंतींवरून परतलेला जास्त मिळतो. त्यात भरलेलं चर्च आवाज शोषून घेतं, रिकामं चर्च तो परत फेकतं. दगडी भिंती, उंच छत, मोकळी बाकं: शब्दाची शेपटी दोन-तीन सेकंद रेंगाळते. घरी बसलेला माणूस धूसर चित्र सहन करतो, पण शुभवर्तमान ऐकू आलं नाही तर लाइव्ह बंद करतो. म्हणून आमच्याकडे नवीन येणाऱ्याच्या हातात आधी हेडफोन जातो, कॅमेरा बऱ्याच नंतर.

सभागृहाच्या स्पीकरसाठी केलेला मिक्स तसाच लाइव्हला जोडायचा, ही सगळ्यात सरसकट चूक. चर्चमध्ये गायनवृंद आणि ऑर्गन मुळातच मोठ्याने ऐकू येतात, त्यामुळे मिक्सरवर त्यांचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली असतात. तोच मिक्स घरी गेला की गाणं लांबून आल्यासारखं वाटतं आणि वाचन कानावर आदळतं. लाइव्हसाठी वेगळा ऑक्स (मिक्सरमधून निघणारी स्वतंत्र आवाजवाट) काढावा आणि तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच घेतलेला, ठेवावा, म्हणजे चर्चमधल्या कुणी फेडर हलवला तरी बाहेर जाणारा आवाज हलत नाही. लोकांचं ‘आमेन’ घरी ऐकू यावं म्हणून दोन माइक लोकांच्या दिशेने उंचावर लावतो. ते फक्त लाइव्हच्या ऑक्सला जातात, स्पीकरला कधीच नाही, नाहीतर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी ठरलेली. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न होता आवाज वाढवायची जागा ३ डेसिबलने (डीबी) कमी होते. म्हणून वाचन संपलं की वाचनपीठाचा माइक बंद, लगेच.

आता एक बिघाड जवळून बघा, कारण तो दर दुसऱ्या ठिकाणी भेटतो. मिक्सरवर बसलेल्या मुलाला हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येतो, मीटर नाचतो, आणि बाहेरून फोन येतो: ‘आवाजच नाही.’ मिक्सरमधून निघणारी एक्सएलआर केबल (तीन पिनांची ऑडिओ केबल) बॅलन्स्ड असते. तिच्या २ नंबरच्या पिनवर सिग्नल असतो आणि ३ नंबरवर तोच सिग्नल उलटा. केबलचं दुसरं टोक ३.५ मिमीच्या स्टिरिओ पिनला जोडून व्हिडिओ स्विचरमध्ये (कॅमेरे बदलून एक चित्र बाहेर सोडणाऱ्या यंत्रात) खुपसलं, की सुलटा सिग्नल डाव्या कानाला जातो आणि उलटा उजव्याला. हेडफोनवर दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात, थोडे पोकळ. मोबाइलचा एकच स्पीकर मात्र दोन्हींची बेरीज करतो आणि बेरीज शून्य येते. उपाय म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर घालून अनबॅलन्स्ड (उलट्या जोडीशिवायचा एकच) सिग्नल घेणे, किंवा स्विचरच्या सेटिंगमध्ये डावी बाजू तेवढी मोनो करून दोन्हीकडे देणे. आणि दर मिस्सापूर्वी दुसऱ्या माणसाने चर्चच्या बाहेर उभं राहून साध्या मोबाइलवर, हेडफोन न लावता ऐकायचं. हे आम्ही कधीच टाळत नाही.

गुणगुण ऐकू आली तर बहुतेक वेळा मिक्सर विजेच्या एका बोर्डवर आणि लॅपटॉप दुसऱ्या बोर्डवर असतो. दोन्ही एकाच बोर्डवर आणा, तरीही राहिली तर आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या हाताखाली काम करू नका.

फादरांचा कॉलर माइक झग्यावर घासतो, म्हणून आम्ही कानावर बसणारा हेडसेट माइक देतो. वेदीवरचा माइक हळू ठेवतो, नाहीतर ग्रंथाची पानं आणि चषकाचा खणखणाट भाषणापेक्षा मोठा होतो. मिस्साच्या आधी कुणी पापनिवेदनाला आलं, तर फादर माइक काढायचं विसरू शकतात. ते गुपित जगाला ऐकू जाणं म्हणजे अनर्थ. त्यामुळे मिरवणूक दारातून निघेपर्यंत त्या चॅनेलचं म्यूट चालू ठेवायचं, आणि म्यूटवर बोट असलेला माणूस दुसरं काही करणार नाही.

चित्राबद्दल थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० सेकंदाचं आणि सेकंदाला २५ फ्रेम, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. व्हाइट बॅलन्स हाताने बांधायचा, कारण खिडकीतला उजेड आणि मेणबत्ती यांत ऑटो कॅमेरा दर शॉटला रंग बदलतो. एक्स्पोजर फादरांच्या पांढऱ्या झग्यावर ठरवायचं, मागच्या अंधाऱ्या वेदीवर नाही. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. तिथून पुढे एसडीआय (लांब अंतराची व्हिडिओ केबल). स्विचरमधून चित्र दोन-तीन फ्रेम उशिरा निघतं आणि एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा आवाजाला ८० ते १२० मिलिसेकंदांचा डिले द्यावा. ओठ आणि शब्द जुळले की नाही, हे टाळी वाजवून तपासता येतं.

खरी परीक्षा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण विधीची. बाहेर अग्नी पेटतो, चर्चमध्ये काळोख, मग मेणबत्त्यांचा उजेड एकेका बाकावर पसरत जातो. कॅमेऱ्याचा गेन (चित्राचा सिग्नल वाढवायचं सेटिंग) १२ ते १८ डीबीपर्यंत चढवावा लागतो, अॅपर्चर पूर्ण उघडं. बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) ग्लोरिया या स्तुतिगीतापर्यंत दिवे मंदच ठेवतात. ग्लोरियाला एकदम सगळे दिवे लागतात, गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा वाजतात, ऑर्गन पूर्ण उघडतो. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा दोन-तीन सेकंद पांढराफटक पडतो, आणि नेमका तोच क्षण लोक वर्षभर पुन्हा पुन्हा बघतात. यासाठी दोन कॅमेरे अंधारासाठी आणि तिसरा भर उजेडासाठी आधीच बांधून ठेवतो. ग्लोरियाच्या पहिल्या शब्दाला तिसऱ्यावर कट. मग अंधाराच्या दोन कॅमेऱ्यांचं अॅपर्चर सावकाश बंद करायला वेळ मिळतो. तिसऱ्याचं सेटिंग गुड फ्रायडेच्या रात्री विधी आटोपल्यावर करायचं, कारण दिवसा खिडक्यांतला उजेड आकडे चुकवतो. आवाजाच्या बाजूला लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर रोखणारं सेटिंग) उणे ६ डीबीवर, आणि लोकांकडचे माइक घंटेच्या आधीच अर्धे खाली.

मिस्साचा क्रम पाठ नसलेला कॅमेरामन कितीही हुशार असला तरी उशिराच पोचतो. पहिलं वाचन संपतं न संपतं तोच प्रतिसाद स्तोत्रासाठी गायनवृंदावर कॅमेरा हवा. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात, तेव्हा मागच्या कॅमेऱ्यापुढे डोकी येतात. तो कॅमेरा सव्वादोन मीटर उंचीवर नसेल तर कामाचा नाही. अर्पण प्रार्थनेत, भाकर आणि द्राक्षरस उचलताना, कट करायचा नाही. एक शॉट, स्थिर. ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर झूम नाही. पंथ वेगळे असले तर गणितही वेगळं: ड्रम आणि गिटार असलेल्या उपासनेत कट जलद चालतात, तिथे वादकांच्या संघाला इन-इअरचा (कानातल्या मॉनिटरचा) वेगळा मिक्स द्यावा लागतो.

नेटचं गणित आता सोपं झालंय. १०८०पीला साधारण साडेचार एमबीपीएस, ऑडिओ १२८ केबीपीएस, की-फ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी, आणि अपलोड याच्या किमान दुप्पट. चाचणी रविवारच्या गर्दीत घ्या. मंगळवारी दुपारी मिळालेला वेग सणाच्या दिवशी हजार मोबाइल आत आल्यावर राहत नाही, म्हणून फायबर पहिला, सिमचा राउटर राखीव. फायबरचा डबा बहुतेकदा धर्मग्रामाच्या ऑफिसात असतो, आणि यूपीएस द्यायचा राहतो तो त्यालाच. यूट्यूबवर नवीन चॅनेलला लाइव्हची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, हे शनिवारी रात्री कळून उपयोग नाही. आणि मिस्सापूर्वी स्पीकरवर लावलेलं रेकॉर्डेड भक्तिगीत लाइव्हमध्ये गेलं, की कॉपीराइटचा दावा आपोआप येतो. तेव्हा ऑक्स बंद. लाइव्ह तुटलं तरी रेकॉर्डिंग तुटू नये. १० एमबीपीएसने दीड तास म्हणजे पावणेसात जीबी, कार्ड त्या हिशेबाने.

या क्षेत्रात करिअर करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगतो. धार्मिक संस्थेशी जोडलेल्या कंपनीला भारतात खासगी एफएमचा परवाना मिळत नाही. त्यामुळे चर्चचं माध्यम म्हणजे इथे निर्मिती आणि स्ट्रीमिंग. स्वतःचं रेडिओ स्टेशन नाही. शिक्षण घ्यायचं तर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामध्ये (एफटीआयआय) टीव्हीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. चर्चमध्ये शिकलेला हात क्रिकेट, कीर्तन, राजकीय सभा, कुठेही चालतो, कारण इथे रीटेक नसतो. कामाचा नमुना पाठवताना संगीतावर कापलेला दोन मिनिटांचा झगमगाट नको. दहा मिनिटांचं सलग, न कापलेलं मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं) काम पाठवा. चुकल्यावर कसं सावरलंत, ते त्यातच दिसतं.

सेवा आणि रोजगार यांची गल्लत मात्र करू नका. आपल्या धर्मग्रामात सेवा म्हणून जरूर करा. दुसऱ्या ठिकाणी दिवसाचा दर, प्रवास आणि जेवण आधी लिहून घ्या. ‘देवाचं काम आहे’ म्हणत तीन महिने पैसे लांबवणारेही भेटतात.

आमच्याकडे शिकायचं असेल तर उपवासकाळात या. पहिले सहा रविवार केबल आणि बॅटऱ्या, पुढचे तीन महिने ऑडिओ, मग कॅमेरा, स्विचर शेवटी. आठच्या मिस्साला साडेपाचला हजर. काळा किंवा गडद शर्ट, छाप नसलेला. रबरी तळाचे बूट घाला, चपला नकोत. दगडी फरशीवर त्या फटफटतात आणि लोकांकडचे माइक ते घरोघरी पोचवतात.