ईस्टरची पहाट आणि विहिरीची पाळी

आमच्या मंडळीची ईस्टरची पहिली उपासना चर्चमध्ये नसते, कबरस्तानात असते. पहाटे पाचला. ख्रिस्त कबरेतून उठला त्याचा हा सण पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे आभाळ मोकळं असलं की वाटेवर चांदणं असतं, बॅटरी लागत नाही. आदल्या दिवशी तरुण संघाच्या पोरांनी गवत काढून कबरींना चुना दिलेला असतो. माझे वडील तिथेच आहेत. त्यांच्या उशाशी मेणबत्ती लावून मी उभी राहते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायाचं वाचन आमच्याकडे बाईच करते, कारण अंधार असतानाच येशूच्या कबरेकडे आली ती मग्दालीया मरीया. मग पाळकसाहेब म्हणतात, “प्रभू उठला आहे!” आणि आम्ही सगळे, “खरोखर उठला आहे!”

माणसं किती? चाळीस, फार तर पन्नास. नाताळला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, चर्चबाहेर मांडव घालावा लागतो. याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौलाने लिहिलंय ते काय नाताळबद्दल?

नऊची उपासना, प्रभुभोजन, अहवाल, आभार हे नेहमीसारखं. टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं होतात. नगर जिल्ह्यात आमच्या आज्या-पणज्यांनी ती पाठ केली, तशी आम्हीही केली. पण मी वाट बघते ती शेवटच्या साक्षींची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते एकेकाने उठून सांगण्याची. लांबलचक साक्षीही होतात, पण मनात राहते ती दोन वाक्यांची.

2019चा ईस्टर 21 एप्रिलला होता. दुष्काळाचं वर्ष, विहिरींनी तळ गाठलेला. मंडळीतले दोघे सख्खे भाऊ, विहीर एक, मोटारीच्या पाळीवरून बोलणं बंद. माझ्या चिटणीसपदाची सगळी वर्षं मी त्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसलेलं पाहिलं होतं. त्या दिवशी धाकटा उठला. “गुड फ्रायडेला येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकले. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’, तिथेच अडकलो. रात्री लाईट आली, पाळी माझी होती. मोटार चालू केली आणि पाणी थोरल्याच्या लिंबोणीला सोडलं.” एवढं बोलून खाली बसला. त्याच्या चपलांवरचा चिखल अजून वाळलेला नव्हता. थोरला त्या दिवशी आलाच नव्हता.

पुनरुत्थानावर मी पुष्कळ उपदेश ऐकलेत, चांगले ऐकलेत. पण कबरेवरची धोंड लोटली म्हणजे काय, ते मला त्या चिखलाच्या चपलांनी सांगितलं. त्याची स्वतःची बाग त्या उन्हाळ्यात अर्धी जळाली, हेही सांगायला हवं. त्याने ते कधी कुणाला ऐकवलं नाही.

पुढच्या वर्षी, 12 एप्रिल 2020ला, टाळेबंदी. घराघरांत उंबऱ्यावर मेणबत्ती लावली, बस्स. 2021ही तसंच गेलं.

न्याहारीचं आणि वरचं काम करणाऱ्यांची नावं अहवालात येत नाहीत, म्हणून इथे तरी आठवण ठेवते. पहाटे तीनला पोहे भिजवणाऱ्या आमच्या दोघी जावा. अंडी उकडून देणारी शाळेसमोरची वहिनी. मृदंगाला शाई लावून आणणारे मामा. सतरंज्या झटकणारी रविवारच्या शाळेची मुलं. कबरस्तानाच्या फाटकाची किल्ली सांभाळणारी म्हातारी आत्या, जी आता तिथेच आत आहे. शेजारच्या मुसलमान चाचांचं मोठं पातेलं दरवर्षी आमच्याकडे येतं, त्यांनी कधी भाडं घेतलं नाही. कुणी राहिलं असेल तर माफ करा.

आणि चहा. 2022ला पातेल्याजवळ थोरला उभा होता, कुणी बोलावलेलं नसताना. ओगराळ्याने एकेकाच्या कपात ओतत धाकट्यापर्यंत आला. धाकट्याने कप पुढे केला. भरला तरी याचा हात थांबेना, चहा बशीत सांडला.

“घे, अजून घे,” थोरला म्हणाला.

तेव्हापासून चहा त्याच्याकडेच आहे.