अखेर लाट आली! (यीस्ट सिंक्रोनी, प्रयत्न अकरावा)

मंडळी, आली एकदाची लाट, म्हणजे पावाच्या यीस्टच्या सगळ्या पेशी एकाच वेळी विभाजनाला लागल्या (हीच सिंक्रोनी). शनिवारी रात्री पावणेबाराला स्लाइड लावली, ४०एक्सचं भिंग फिरवलं, आणि जिकडे बघावं तिकडे इवलीशी कळी (जुन्या पेशीला फुटणारी नवी पेशी), सगळ्यांना साधारण एकाच मापाची, एका इयत्तेतली पोरं प्रार्थनेला उभी असावीत तशी. २०० पेशी मोजल्या, १४२ ना कळी. सव्वा तास आधीच्या स्लाइडवर हाच आकडा ३१ होता. मी चक्क ओरडले, आतून सासूबाई म्हणाल्या काय पडलं गं.

आधीची दहा रडगाणी ज्यांनी वाचलीत त्यांना माहितीये की माझं घोडं कुठे अडलं होतं. तत्त्व एकदम साधं, यीस्टला उपाशी ठेवायचं, उपाशी पेशी कळी न काढता थांबतात, सगळ्या एका जागी थांबल्या की ताजं खाणं द्यायचं आणि मग सगळ्या एकदम निघतात. पण माझ्याकडे २४ तास 'उपाशी' ठेवलेल्या बाटलीत कळीवाल्या ३० ते ३५ टक्के असायच्याच. दर वेळी. फेब्रुवारीपासून. सुरुवातच अशी खिचडी असेल तर पुढे लाट कसली येणार, नुसती गर्दी.

पहिला संशय माझ्या मोजण्यावर. दोन पेशी शेजारी शेजारी बसल्यात की एकीला कळी आहे हे ४०एक्सवर ठरवताना माणूस आपल्याला हवं तसंच ठरवतो. म्हणून नियम केला, कव्हरस्लिपला सुईच्या टोकाने हळूच टिचकी मारायची, दोघी एकत्र गोल फिरल्या तर जोडलेल्या, वेगवेगळ्या वाहत गेल्या तर शेजारणी. मोजायला सासूबाईंची जपाची दोन काउंटर वापरते, ती बोटात घालायची अंगठीसारखी, डाव्या बोटात बिनकळीच्या, उजव्यात कळीवाल्या. (एकदा शून्य करायचं विसरले, त्यांच्या एकादशीच्या जपात माझ्या ११८ पेशी जमा झाल्या. पुण्य कोणाला लागलं देव जाणे.) नियम लावूनही आकडा ३१ टक्के. म्हणजे मोजणी बरोबर होती.

दुसरा संशय, कळीसकट मेलेल्या पेशी. शोभेच्या माशांच्या दुकानातलं मिथिलीन ब्लू पातळ करून लावलं, जिवंत पेशी रंग घालवून टाकते, मेलेली निळीच राहते. निळ्या निघाल्या शंभरात सहा-सात. तेवढ्याने ३१ चा हिशेब लागत नाही.

मग तीन आठवडे मी मीडियमवर, म्हणजे यीस्टच्या खाण्याच्या पाण्यावर, राग काढला. बटाट्याचं पाणी बदललं, ग्लुकोज पावडर बदलली, पुण्याच्या एका दुकानातून यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मागवलं, त्यांनी अर्ध्या किलोच्या खाली देणार नाही सांगितलं आणि जे पाठवलं ते फोडेपर्यंत दगड झालेलं. (ज्यांना छोटं पॅक हवंय त्यांनी चौघांत मिळून घ्या, एकटं घेऊ नका, दमट हवेत डबा उघडला की संपलं.) आकडा जागचा हलला नाही.

उलगडा झाला तो सासऱ्यांच्या ग्लुकोमीटरने. ते सकाळी उपाशीपोटीची शुगर बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं, अरे आपण यांना उपाशी उपाशी म्हणतोय, कोणी बघितलंय का खरंच उपाशी आहेत ते? एक स्ट्रिप मागून घेतली (स्ट्रिपा महाग असतात, बोलणी खाल्ली), यीस्टच्या बाटलीतलं वरचं पाणी थेंबभर लावलं. मीटर म्हणतं 'हाय'. म्हणजे ६०० च्या वर! हे यंत्र रक्तासाठी बनवलंय, मीडियमचा अचूक आकडा देणार नाही हे मान्य, पण साखर आहे की नाही एवढं तर कळतंच. २४ तासांनंतरही माझं यीस्ट पाकात लोळत होतं.

चुका दोन. मी ग्लुकोज घालत होते ५ टक्के, आपलं 'भरपूर वाढू दे' म्हणून. आणि बाटलीचं झाकण घट्ट, हलवणं नाही, सगळं यीस्ट तळाशी गाळ होऊन बसलेलं, निवांत हळूहळू खातंय. ह्यात अजून एक मेख आहे जी मला वाचून माहीत होती पण लक्षातच आली नाही. यीस्ट भरपूर साखर दिसली की हवा असली तरी आधी अल्कोहोलच करत बसतं, आणि साखर संपली की मग तेच अल्कोहोल खायला घेतं, पण त्याला हवा लागते आणि वाढ अगदी संथ होते. म्हणजे साखर संपणं आणि जेवण संपणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. खरं स्थिरावायला पाच-सात दिवस जातात. मी एका दिवसात निकाल मागत होते.

मग ग्लुकोज १ टक्का, कोनिकल फ्लास्क, पाव भरलेला, तोंडाला कापसाचा बोळा, आणि जुन्या टेबलफॅनच्या मोटरचा शेकर (तो आवाज करतो, पण चालतो). तापमान ३० ठेवायला थर्माकोलची पेटी आहेच, फक्त सांगलीच्या एप्रिलमध्ये तापवायचा नाही तर गार करायचा प्रश्न, म्हणून आत बर्फाची पिशवी आणि दर चार तासांनी मी. दुसऱ्या दिवशी मीटर 'लो'. कळीवाल्या दुसऱ्या दिवशी २४ टक्के, चौथ्या दिवशी १८, सहाव्या दिवशी १४. आणि १४ वर गाडी पुन्हा अडली.

हे १४ मात्र खोटे निघाले. कारण आई आणि लेकीची पेशी आतून कधीच वेगळी झालेली असते पण मधली भिंत विरघळायची राहिलेली असते, बाहेरून बघणाऱ्याला जोडीच दिसते. माझी टिचकी इथे फसली, जोडी गोल फिरते हो, पण दोघींचे संसार वेगळे. लॅबमध्ये ह्यासाठी थोडा वेळ सोनिकेट करतात, म्हणजे अल्ट्रासॉनिक लहरींनी हलवून जोड्या सुट्या करतात. माझ्याकडे कुठून येणार, तर गल्लीच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, त्यांच्याकडे चष्मे धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन. झाकण लावलेल्या ट्यूबमध्ये नमुना, वीस सेकंद, थांबायचं, परत वीस सेकंद. काका म्हणाले काय आहे त्यात, मी म्हटलं पावाचं यीस्ट, म्हणाले मग पाव कधी. आकडा ९ वर आला. मग उंच मेजरिंग सिलिंडरमध्ये फ्रीजच्या गार पाण्यात पातळ करून तीन तास फ्रीजमध्येच उभं ठेवलं, जोड्या आणि गुठळ्या लवकर खाली बसतात, लहान सुट्या पेशी वर राहतात, वरचा बोटभर थर सिरिंजने अलगद काढला. ६ टक्के!! ताजं खाणं पावणेनऊला. पहिला दीड तास काहीच नाही, माझा जीव टांगणीला. साडेदहाला २०० त ३१. पावणेबाराला १४२.

आता हे १४ आणि ३१ टक्के पुन्हा आठवून बघा. पेशी उपाशी पडली की आहे तिथे खांब होत नाही, हाच तर ह्या सगळ्याचा गाभा. १९७४ मध्ये हार्टवेल ह्या शास्त्रज्ञाने आणि मंडळींनी सिएटलला ह्याच यीस्टवर दाखवलं की विभाजनाच्या आधी एक ठिकाण आहे, त्याला त्यांनी 'स्टार्ट' नाव दिलं. त्याच्या अलीकडे असताना खाणं संपलं तर पेशी तिथेच थांबते. एकदा पलीकडे गेली की खाणं संपलं तरी, अंगात ताकद असेल तर, घेतलेला फेरा पुरा करते आणि मग पुढच्या स्टार्टच्या दारात जाऊन बसते. कळी म्हणजे स्टार्ट ओलांडल्याची खूणच. म्हणजे ३१ टक्के होते तेव्हा खाणं संपलंच नव्हतं, आणि १४ मधल्या बऱ्याच जोड्या फेरा पुरा करून नुसत्या चिकटून बसल्या होत्या. (२००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि हंट तिघांना, आपण सगळे त्यांच्याच उष्ट्यावर जगतोय.)

दुसरी लाट मात्र विस्कटली आणि ते बघायला जास्त मजा आली. पहाटे पावणेदोनला काही पेशींना दुसरी कळी आली होती आणि काही ठार रिकाम्या. नीट बघितलं तर दुसरी कळी मोठ्या पेशींना, म्हणजे आयांना, आणि रिकाम्या त्या बारक्या, म्हणजे नुकत्या सुटलेल्या लेकी. लेक जन्मते लहान, तिला आधी वाढून मापात यावं लागतं, आई मापातच असते म्हणून लगेच पुढच्या कामाला. १९७७ चा हार्टवेल आणि उंगर यांचा पेपर ह्यावरच आहे, आणि तो मला माझ्या स्वयंपाकघरात दिसला!! माप कसं कळतं ह्याचं मला आवडणारं उत्तर व्हाय५ चं. ते प्रोटीन स्टार्टला ब्रेक लावून असतं. पेशी वाढते पण व्हाय५ त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून ते पातळ होत जातं, पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतो तसं, आणि पुरेसं पातळ झालं की ब्रेक सुटतो. २०१५ ला हे मांडलं गेलं, त्यावर नंतर वादही झालेत, पण कल्पना काय देखणी आहे. आपल्या पेशींत हेच काम आरबी नावाचं प्रोटीन करतं, आणि ते बिघडलं की काय होतं हे कॅन्सरवाल्यांना विचारा.

पुढचा प्लॅन खरं तर गूळ विरुद्ध ग्लुकोजचा होता, कुठल्या खाण्यावर पेशी किती मोठी होऊन कळी काढते ते आयपीस मायक्रोमीटरने (डोळ्याजवळच्या भिंगातली मोजपट्टी) मोजायचं. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, लाट हातात आहे तर स्टार्टच शोधूया की! दर पंधरा मिनिटांनी थोडा नमुना काढायचा, धुवायचा, आणि बिननायट्रोजनच्या ग्लुकोज पाण्यात टाकायचा, दुसऱ्या दिवशी मोजायचं. ज्या ओलांडून गेल्या होत्या त्या फेरा पुरा करून दोन होतील, बाकीच्या एकच राहतील. नुसत्या साध्या पाण्यात टाकायचं नाही, तिथे फेरा पुरा करायला ताकदच उरणार नाही. गूळ नंतर, तो कुठे पळून जात नाही.

आणि दुसरं, मामाचा फोन. तासगावला द्राक्षबाग आहे त्याची, मी काय करते विचारलं, सांगितलं, तर म्हणाला बुरशी वाढवतेस? आम्ही ती मारायला पैसे घालतो. आणि बोलता बोलता कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकाचं नाव घेतलं. मी फोन तसाच धरून बसले. यीस्टच्या लॅबमध्ये जे बेनोमिल वापरतात ते पाण्यात गेल्यावर कार्बेन्डाझिमच होतं! ते पेशीतले मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे गुणसूत्रांना ओढायच्या दोऱ्या, मोडतं, आणि पेशी थांबते, जोपर्यंत प्रत्येक गुणसूत्राला दोरी लागत नाही तोपर्यंत पुढे जायचं नाही असा तिचा कडक नियम. मग सगळ्या पेशी मोठी कळी घेऊन डमरूसारख्या अडकलेल्या दिसतात. अडचण अशी की मामाच्या पुडीत अर्धी भुकटी औषध नाही, भलतंच काही, स्लाइडवर कचरा दिसणार, आणि औषध पाण्यात धड विरघळतही नाही. कोणी डीएमएसओ (असली औषधं विरघळवायचा द्राव) थोडंसं देऊ शकेल का? हातमोजे, मास्क, गच्चीवरची खोली, स्वयंपाकघरात नाही, हे सगळं आधीच सांगते म्हणजे खाली ओरडायला नको.

१००एक्सचं, तेल लावून बघायचं भिंग घ्यावं का असं दोघांनी विचारलं होतं. घेऊ नका अजून. अंबाल्याचा साधा मायक्रोस्कोप, ४०एक्स, कंडेन्सरचा डायाफ्राम (खालून येणाऱ्या उजेडाची झडप) जवळजवळ बंद आणि पिवळ्या बल्बऐवजी पांढरा एलईडी, कळी मोजायला एवढं पुरतं. तेल लावलं की प्रत्येक स्लाइड पुसत बसावं लागतं आणि दर पंधरा मिनिटांच्या मोजणीत तेवढा वेळ कोणाला आहे.

नवीन फ्लास्क आज रात्री नऊ चाळीसला शेकरवर चढवलाय. शनिवारपर्यंत बोळा काढायचा नाही असं पेटीवर खडूने लिहिलंय. स्ट्रिपा माझ्या मी आणल्यात, आणि काउंटर पण नवीन घेतलंय, सासूबाईंनी जुनं परत मागितलं.