लाओशीनं थांबवलं नाही

गुरुवारच्या चिनीच्या ऑनलाइन क्लासमध्ये लाओशीनं, म्हणजे शिकवणाऱ्या बाईनं, मला थांबवलं नाही.

एवढंच झालं. अनघाला सांगून पाहिलं तर म्हणाली, "मग चांगलंच आहे नं." आता चांगलं कसं नाही हे तिला काय समजावू. तीन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

धडा बाजाराचा होता. प्रत्येकानं चार ओळी वाचायच्या. त्यात एक वाक्य होतं, मला फळं विकत घ्यायची आहेत. वो श्यांग माय श्वेइ-क्वो. पाच अक्षरं आणि पाचही तिसऱ्या टोनची. टोन म्हणजे अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, तो बदलला की अर्थच बदलतो. तिसरा टोन म्हणजे आवाज पार तळाला न्यायचा. पण दोन तिसरे टोन शेजारी आले की पहिल्यानं वर चढायचं, दुसऱ्या टोनसारखं. असे पाच ओळीनं आले की कोणी चढायचं आणि कोणी खाली बसायचं हे म्हणणारा श्वास कुठे घेतो त्यावर ठरतं. हे सगळं मला पाठ आहे. वहीत लाल पेनानं लिहिलेलं आहे.

क्लासमधल्या वर्ध्याच्या पोट्ट्याला लाओशीनं त्या एका वाक्यात धरून ठेवला. श्यांगवर थांबवलं, मायवर थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. मग माझी पाळी आली. मी चारही ओळी वाचल्या. ती म्हणाली, "हन हाव," म्हणजे खूप छान, आणि पान उलटलं.

रात्री जेवण झाल्यावर क्लासचं रेकॉर्डिंग लावलं. माझ्या वाक्यात मी चक्क फळं विकायला निघालो होतो. माय तळाशी नेलं तर विकत घेणं, वरून खाली आपटलं तर विकणं. लिहिताना तर विकण्याच्या डोक्यावर एक छोटी अधिकची खूण असते, तेवढाच फरक. मी आपटला होता, धाडकन. इतवारीच्या बाजारात इतकी वर्षं काढल्यावर तोंडाला विकण्याचंच वळण पडलं असेल, हे कबूल. पण तिला ऐकू आलं नसेल का?

आधी दोष कूलरला दिला. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून क्लासला बसायचं म्हणजे अंगावरचा सदरा पिळून काढायची तयारी पाहिजे. परवा तिनं विचारलंही होतं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का. मी म्हटलं, नाही, मशीन आहे. कूलरला चिनीत काय म्हणतात ते मला येत नाही आणि चेंगदूच्या मुलीला ती गवत लावलेली लोखंडी पेटी, तिच्यात फिरणारं पाणी, हे सगळं कोणत्या शब्दांत सांगणार. पण रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्वच्छ आहे. मागे पाऊस आहे आणि पुढे मी फळं विकतोय.

मग म्हटलं, ती दमली असेल. अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. माझी पाळी आली तेव्हा साडेआठ वाजले होते, म्हणजे तिचे अकरा. पण माझ्यानंतर कानपूरच्या मुलीला तिनं पुन्हा नीट धरलं, चांगली पाच मिनिटं. तेव्हा दमली नव्हती.

म्हणजे फक्त मलाच सोडलं.

सुरुवातीला असं नव्हतं. तेव्हा तर मी तिचा लाडका होतो. हिंदीवाल्यांना चमच्यातला च जमत नाही, ते सगळीकडे चहातलाच च लावतात. चिनीत दोन्ही लागतात. आपल्याला ते जन्मापासून येतात, आणि ब लिहिलेलं असलं तरी प म्हणायचं, प लिहिलेलं असलं की फ म्हणायचं, हेही एकदा कळलं की प आणि फ दोन्ही आपल्या घरचेच. 1958 साली चीननं ही पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत चिनी लिहायची पद्धत, मंजूर केली तेव्हा नागपूरच्या माणसाची सोय कोणी पाहिली नव्हती, तरी माझं जमून गेलं. लाओशी बाकीच्यांना म्हणायची, यांचं ऐका. त्या काळात ती मला एकेका अक्षरावर थांबवायची आणि मला तेव्हा त्याचा राग यायचा. माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी मला ओठ कसे ठेवायचे ते सांगते, असं वाटायचं. आता ती सांगत नाही.

माझ्या मते तिनं हिशोब केला असावा. वर्ध्याच्या पोट्ट्याला एचएसकेची, म्हणजे चिनीच्या परीक्षेची, तिसरी पातळी द्यायची आहे, जुन्या यादीप्रमाणे 600 शब्द. त्याला पुढे मिहानमध्ये नाही तर पुण्यात कुठे नोकरी लागायची आहे. कानपूरच्या मुलीला चीनला शिकायला जायचं आहे. मला कुठे जायचं आहे? काकांची हौस आहे, काकांना हन हाव म्हणा, काका खूश. दवाखान्यातही आजकाल असंच होतं, डॉक्टर बरोबर आलेल्या माणसाशी बोलतो. ते असो.

मी चिनी का सुरू केली ते इथं लिहीत नाही. दादाला वाटतं दुकानासाठी. दुकानाचं आता काय उरलंय ते दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी फुटाळ्यावर चक्कर मारताना साठे भेटले. नेहमीप्रमाणे, "काय, तुमचे कोटणीस कुठवर आले?" चिनी म्हटलं की महाराष्ट्रात प्रत्येकाला कोटणीसच आठवतात. बरोबरच आहे. सोलापूरचा तरुण डॉक्टर, 1938 साली चीनला गेला, भाषा शिकला, तिथंच लग्न केलं, 1942 साली तिथंच वारला. त्यांच्यापुढे आपण काय फळं घेणार आणि विकणार. मी साठ्यांना म्हटलं, अहो, कोटणीसांच्या त्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते आणि त्यांतले चोळकर आपल्या नागपूरचे. साठ्यांना माहीत नव्हतं. जन्म धरमपेठेत गेला त्यांचा.

कोटणीस सोडून बाकीचे चौघं परत आले. चोळकरही आले. घरी येताना मी त्याचाच विचार करत होतो. तिथं असताना त्यांनी किती चिनी शिकून घेतली असेल, कोणी त्यांचे टोन सुधारले असतील का, की डॉक्टरसाहेब मोठे आहेत म्हणून सगळे मान डोलवत असतील. तरी लोकांना औषध मिळालंच असेल. हे डोक्यात आलं आणि एकटाच हसलो. अंबाझरीच्या वळणावर एक बाई माझ्याकडे बघून थोडी बाजूला झाली.

पण चोळकर डॉक्टर होते. त्यांना चीनमध्ये काम होतं. माझ्याजवळ काम नाही, टोनच आहेत, तेही आपटलेले. म्हणजे मला ते तरी कोणी दुरुस्त करायला पाहिजे नं?

शनिवारी लाओशीला मेसेज लिहिला. कृपया माझ्या चुका सांगत जा, मला वाईट वाटणार नाही. चिनीतच लिहिला, दोनदा तपासला आणि पाठवला. सकाळी उत्तर आलं. बरं, आणि एक हसरं फूल. मग मीच माझा मेसेज पुन्हा वाचला, तर चूक या शब्दातलंच एक अक्षर चुकलेलं. तेही तिनं सोडून दिलं! आता यावर माणसानं रडावं की काय करावं. अनघा मात्र पोट धरून हसली, मी वाचून दाखवल्यावर. मग मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

आज दुपारी वर्ध्याच्या पोट्ट्याचा फोन. "काका, तुमचं बरं आहे. तुम्हाला तर ती काहीच नाही म्हणत. मलाच पकडून राहिली आहे." त्याला वाटतं मी फार पुढे गेलोय म्हणून ती थांबवत नाही. मी त्याला रेकॉर्डिंगमधलं नेमकं मिनिट सांगितलं. तो ऐकून परत फोनवर आला आणि म्हणाला, "अरे बापा, तुम्ही तर विकूनच टाकली."

बरं वाटलं. खरंच सांगतो, तीन दिवसांत पहिल्यांदा.

मग ठरवलं की रोज रात्री नऊला पंधरा मिनिटं फोनवर वाचायचं आणि एकमेकांना थांबवायचं, वयाचा मुलाहिजा नाही. लगेच सुरुवातही केली. मी "वो" म्हटलं आणि त्यानं तिथंच थांबवलं. म्हणे पहिला खालीच ठेवायचा. मी म्हटलं, पुढे तिसरा आहे, वर चढणार. तो म्हणाला, श्वास घेतला तर नाही चढत. मी म्हटलं, मी श्वास कुठे घेतला? तो म्हणाला, "घेतला ना काका, मला इकडे ऐकू आला." अर्धा तास भांडलो आम्ही, वाक्य पुढे सरकलंच नाही. शेवटी ठरलं, गुरुवारी लाओशीलाच विचारायचं. विचारणार तो. मी कूलर बंद करून बसणार आहे.